परक्याच्या लेकीचं गणित

माझी मुलगी विमानातून उड्या मारते. कुंभकोणममधल्या आमच्या गल्लीत हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझा चेहरा पाहून हसू आवरतो आणि विचारतो, "म्हणजे सार, विमान कंपनीत नोकरी का?" पहिली काही वर्षं मी नीट समजावत असे. पाठीला पॅराशूट असतं, ती नवशिक्यांना शिकवते, परदेशात वाळवंटाच्या कडेला तिचं केंद्र आहे, वगैरे. हल्ली नुसतं "हो" म्हणतो. चौतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवल्यावर एवढं कळलंय, की ज्याला समजून घ्यायचं नाही त्याच्यापुढे फळा भरून टाकला तरी तो खडूच वाया जातो.

तिच्या या उद्योगाला माझा विरोध होता आणि तो मी कधी लपवला नाही. पहिल्या उडीचा व्हिडिओ तिनं मोठ्या हौसेनं पाठवला तेव्हा मी उलट एवढंच कळवलं, की उतरताना तुझे गुडघे चुकीचे वाकतात. शाबासकी द्यायला माझी जीभ रेटत नाही, हा माझा जुना रोग आहे. त्यानंतर तीन-चार वर्षं तिनं मला कामाचं काही सांगितलं नाही. फोन यायचे ते आईला, माझ्या वाट्याला "आप्पा बरे आहेत ना?" एवढाच निरोप. मीही आपण होऊन विचारलं नाही. मी हट्टी आहे, आणि ती माझीच मुलगी.

म्हणून गेल्या वर्षी एका सकाळी तिचा फोन थेट माझ्या नावानं आला, तेव्हा मी कॉफी अर्धी टाकून उठलो.

"आप्पा, एक गणित आहे. तें तुम्हींच करावें असें वाटतें."

घरात आमचं बोलणं असंच चालतं. पूर्वज तंजावरच्या दरबारामागून इकडे आले, आणि त्यांच्या तोंडातली मराठी बरीचशी तशीच इथे राहिली. पुण्याचा पाहुणा आला की तो ऐकून हसतो आणि आम्ही त्याला आणखी एक डोसा वाढतो. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ.

"कसलें गणित?" मी विचारलं.

"आमच्या टीममधली एक बाई चार किलोमीटर उंचावरून उडी मारणार. पॅराशूट नाहीं. खालीं जाळें."

"वेड लागलें काय तिला?"

"लागलें असेल," ती म्हणाली, आणि दोघंही हसलो. किती वर्षांनी आम्ही एकाच गोष्टीला हसत होतो.

तिनं काम समजावून सांगितलं. त्यांच्याकडे इंजिनिअर आहेत, संगणकावर सगळं मांडून झालंय. पण त्यांचा एक नियम आहे: ज्यानं ते मांडलेलं पाहिलेलंच नाही अशा कुणीतरी बाहेरच्या माणसानं तेच गणित पहिल्यापासून, हातानं करायचं. दोघांचं उत्तर जुळलं तर उडी. नाही जुळलं तर उडी नाही, मग कुणी कितीही नाचो. हा नियम मला फार आवडला. बाहेरचा माणूस म्हणून तिनं माझं नाव सुचवलं होतं. "हातानें करणारा तुमच्यासारखा कोणी उरला नाहीं, आप्पा," असं ती म्हणाली, आणि मी सुपाएवढा फुललो. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

त्याच फोनवर मी तिला विचारलं, "त्या बाईला आईबाप आहेत काय?"

"आहेत."

"त्यांना माहीत आहे?"

"आईला माहीत आहे."

"आणि बापाला?"

"सांगायचें आहे," ती म्हणाली. "तो जरा कठीण माणूस आहे."

मी त्या न पाहिलेल्या बापाबद्दल हळहळलो. "बिचारा," असंही म्हणालो. मुलीनं खोटं असं काही सांगितलंच नव्हतं. प्रत्येक उत्तर खरं होतं. म्हणून तर ते जास्त झोंबतं. सरळ थाप मारली असती तर निदान थाप म्हणून तिचा राग करता आला असता.

पुढचे दोन महिने माझ्या निवृत्तीतले सगळ्यात सुखाचे गेले, हे कबूल करायला हवं. लोकांचा समज असा, की जितक्या उंचावरून पडाल तितकं आपटणं भयंकर. ते माडावरून पडणाऱ्याला खरं आहे. आकाशातून पडणाऱ्याचा वेग पहिली दहा-बारा सेकंदं वाढतो, मग खालची हवा त्याला इतक्या जोरानं रेटते की त्याचं वजन आणि हवेचा रेटा सारखे होतात आणि वेग तिथेच राहतो. पोटावर आडवा पडणारा माणूस सेकंदाला चोपन्न मीटरच्या आसपास स्थिरावतो. मग तो दोन किलोमीटरवरून पडो की चार, जमिनीला फरक पडत नाही. पडण्यानं कुणी मरत नाही, थांबण्यानं मरतो. जमीन थांबायला वीतभरही जागा देत नाही. तेच थांबणं चाळीस मीटरांवर पसरलं, तर दीड सेकंद अंगावर स्वतःच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो, आणि धडधाकट माणूस तेवढा सोसतो.

ते चाळीस मीटर मिळवायचे जाळ्याकडून. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद जाळं चार क्रेनांना जमिनीपासून साठ मीटर उंच टांगायचं. चारही दोरांना ब्रेक. माणूस जाळ्यात पडला की दोर एकदम सुटत नाहीत, घासत घासत सुटतात. ब्रेक ढिला राहिला तर माणूस जाळ्यासकट जमिनीला टेकणार. फार आवळला तर जाळ्याचीच जमीन होणार. किती आवळायचा हे पडणाऱ्याच्या वजनावर ठरतं. म्हणून मी सगळ्यात आधी वजन विचारलं. साडेसत्तावन्न किलो, तिनं सांगितलं. हेल्मेट, कपडे, यंत्रं धरून एकसष्ट.

मग नेमाचा प्रश्न. तीस मीटर ऐकायला मोठं वाटतं. पण आमच्या महामहम तलावाच्या एका काठाला उभं राहून समोरच्या काठावरच्या घराचं एक दार पाहावं, तेवढंच ते जाळं चार किलोमीटरवरून दिसणार. ते दार वाऱ्यातून पडत पडत गाठायचं. आणि गाठलं तरी पोटावर पडून चालणार नाही, कारण जाळं अंगाला दोन्ही टोकांनी वर ओढतं आणि पोटावर पडलेल्याचा कणा उलटा मोडतो. तेव्हा अगदी शेवटी पाठीवर वळायचं. वळलं की जाळं दिसत नाही. लवकर वळलं तर माणूस बाजूला वाहवत जातो, उशिरा वळलं तर अर्धवट वळलेला सापडतो. सगळा जीव त्या एका सेकंदात होता, हे मी तिला लिहून कळवलं.

कागदावर माझं समाधान होईना, म्हणून प्रयोग. नागपट्टणमहून कोळ्यांचं जुनं जाळं आणवलं, ते अंगणात चार खांबांना सायकलच्या ट्यूबांनी बांधलं आणि गच्चीवरून सोललेले नारळ टाकायला लागलो. शेजारी कुंपणावरून विचारायचे, "सार, एन्न परीक्षा?" मी सांगायचो, नारळाची परीक्षा आहे, बरेच नापास होतायत. फुटलेल्या नारळांची बायको चटणी वाटायची. दोन आठवडे आम्ही इडलीबरोबर नारळ, डोशाबरोबर नारळ, भाताबरोबर नारळ खाल्ला. एरवी चमचाभर तेल सांडलं तर घर डोक्यावर घेणारी बायको चकार शब्द बोलली नाही. मला वाटलं, नवरा कामाला लागला म्हणून सुखावली असेल. एक दिवस मात्र तिनं पाट्यावरून मान वर न करता विचारलं, "आज किती फुटले?" मी म्हणालो, "तीनच." ती म्हणाली, "बेश." आणि पुन्हा वाटायला लागली.

शेवटी उत्तर आलं. माझं थांबण्याचं अंतर एक्केचाळीस मीटर आणि काही दशांश. त्यांच्या यंत्राचं चाळीसच्या थोडं वर. जुळलं. मी सुवाच्य अक्षरात अकरा पानं इंग्रजीत लिहून पाठवली. शेवटच्या पानावर शेरा मारला: "गणित निर्दोष. धोका वळण्यात आहे, तो सरावानं कमी होईल. जोखीम पत्करण्याजोगी." सही केली, तारीख घातली. कुठल्या तरी थंड देशातली कुणी बाई, कुणाची तरी लेक. मला त्या रात्री छान झोप लागली.

उडीच्या तीन आठवडे आधी मुलगी चार दिवसांसाठी घरी आली. वाळली होती. बायकोनं दुसऱ्याच दिवशी तिरुनागेश्वरम्‌ला जायचं काढलं, तिथल्या पेरुमाळाला, म्हणजे विष्णूला, ज्याचा नैवेद्य बिनमिठाचा असतो. तिथे तुळाभार करतात: तराजूच्या एका पारड्यात माणूस बसतो, दुसऱ्यात त्याच्या वजनाचा गूळ, तांदूळ, केळी, जो काही नवस बोललेला असेल तो. आमच्यात याची रीत ठरलेली आहे. आधी मागायचं, देवानं दिलं की मग तोलायचं. आगाऊ तोलत नाहीत. तसं करणं म्हणजे देवावर विश्वास नसल्यासारखं.

"कसला नवस?" मी विचारलं.

"चौथ्या वर्षीं ताप आला होता ना तिला, तेव्हांचा. राहून गेला होता."

मी मान डोलावली. आमच्या घरात वाटणीच तशी आहे: नवस तिच्याकडे, आकडे माझ्याकडे. आता नीट आठवतं, त्या तापाचा तुळाभार त्याच वर्षी झाला होता, केळ्यांचा, आणि केळ्यांचे घड बसमध्ये मीच चढवले होते. पण त्या दिवशी आठवलं नाही, आणि आठवणार नाही हे बायकोला पक्कं ठाऊक होतं.

मुलगी पारड्यात मांडी घालून बसली. समोर गुळाच्या ढेपा चढत गेल्या. तराजूवाल्यानं तमिळमध्ये आकडा पुकारला: साडेसत्तावन्न.

मी मोठ्यांदा हसलो. "अग, तुझी ती उडी मारणारी बाई आणि तूं, एकाच वजनाच्या!"

मुलगी खाली पाहत राहिली. बायको एकाएकी फुलवाल्यावर खेकसली, की हार शिळा दिला म्हणून. हार ताजा होता. आणि मी, ज्यानं जन्मभर पोरांना योगायोग कशाला म्हणतात आणि कशाला म्हणत नाहीत हे शिकवलं, तो मी गुळाचा खडा तोंडात टाकून योगायोगाची गंमत वाटून घेत उभा होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

उडीच्या दिवशी इथे सकाळचे अकरा वाजले होते. सगळं थेट दाखवणार होते. मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला, चष्मा पुसला, कागद-पेन घेतलं. बायकोला हाक मारली. ती आली, पण बसली नाही. तिनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, एकादशी नसताना. विमान उडालं. चार किलोमीटर चढायला वीसेक मिनिटं लागतात, असं मी तिला सांगत होतो. पडद्यावर हेल्मेट घातलेली एक आकृती पाठमोरी बसली होती.

बायकोनं माझं मनगट धरलं. चाळीस वर्षांत तिनं दिवसाउजेडी कधी माझं मनगट धरलेलं नाही.

"ती आपलीच आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, आपल्या टीमची, असं म्हणतेय. मी "हो, हो," म्हणालो.

"उडी मारणार ती आपली लेक आहे. कोणी बाई नाहीं. पहिल्यापासून तीच."

त्यानंतरची वीस मिनिटं मी कुणाला देऊ इच्छीत नाही, वैऱ्यालाही नाही. आधी मी ओरडलो. थांबवा म्हणालो, फोन लावला. तिचा फोन अर्थातच बंद होता. मग मी माझी अकरा पानं काढली आणि पहिल्या ओळीपासून तपासायला बसलो. सहाव्या पानावर मी दशांश सोडून दिला होता. एक्केचाळीसच्या पुढचा. साठातून एक्केचाळीस गेले की एकोणीस मीटर उरतात, त्या दशांशानं काही बिघडत नाही, हे दहावीचं पोरही सांगेल. तरी मला तो दशांश सुटेना. परक्याच्या लेकीसाठी मी तो सोडला होता. माझ्या लेकीसाठी सोडला असता का? आणि ट्यूबांचं ताणणं आणि ब्रेकचं घासणं सारखं धरलं ते कशाच्या जोरावर? आणि त्या तीन फुटलेल्या नारळांना मी "तीनच" कसं म्हणालो?

ती विमानाच्या दारातून निघाली. ऐंशी सेकंद. मी मोजत होतो, मोजण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. पासष्ट झाले तरी ती पोटावर होती, हात पसरून, अगदी स्थिर. खालचं जाळं दिसतच नव्हतं, नुसती वाळू. अठ्ठ्याहत्तर झाले आणि ती वळली. मला वाटलं लवकर वळली. मग जाळ्यानं तिला झेललं, ते खोल खोल खाली गेलं, आणि थांबलं. तिनं हात वर केला.

बायको जमिनीवर बसून रडत होती आणि हसत होती. मला आनंद झाला का? झाला. पण तो मिनिटभर टिकला असेल. त्याच्या मागोमाग जे आलं ते आजवर गेलेलं नाही.

"तुला केव्हांपासून माहीत?" मी विचारलं.

"तिनें तुम्हांला फोन केला त्याच्या आदल्या दिवसापासून."

म्हणजे नारळ फोडत होतो तेव्हा माहीत होतं. पाट्यावर बसून "आज किती फुटले?" विचारलं तेव्हा माहीत होतं. तीन म्हणालो आणि ती बेश म्हणाली. ती आपल्या पोरीबद्दल विचारत होती आणि मी नारळांबद्दल सांगत होतो.

"आणि तो तुळाभार? आधींच कसाला केलास?"

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "मागाहून तराजूंत बसायला ती असेल कीं नाहीं, हें तुम्हीं लिहून दिलें होतें काय?"

मी घराबाहेर पडलो. कावेरीच्या घाटावर जाऊन बसलो, दुपारच्या उन्हात, टोपीशिवाय. ओळखीची चार माणसं "सार, वेय्यिल" म्हणून गेली, ऊन आहे म्हणून. खिशात फोन वाजत होता. मी घेतला नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. आपल्या हातानं आपणच तो केस वळून द्यावा, हे नवीन होतं. तिचं मरण माझ्याच सहीनं मागून घेतलं होतं मायलेकींनी. जाळं फाटलं असतं तर? त्या अकरा पानांवर माझं अक्षर होतं. उरलेला जन्म मी ती पानं कुठे ठेवली असती?

अकरा दिवस मी मुलीशी बोललो नाही. बायकोशी "पाणी", "भात" एवढंच. बाराव्या दिवशी मुलगी आली. पाठीवर जाळ्याच्या दोरांचे हिरवे-निळे वळ होते, ते आईला दाखवत होती. मी खोलीत होतो. ती दारात उभी राहिली.

"आप्पा, रागवा. पण बोला."

मी बोललो. मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत कुठल्या पोराला बोललो नाही इतकं बोललो. तू माझी अक्कल वापरलीस आणि मला वगळलंस, म्हणालो. बाप म्हणून नको होतो, पाटी-पेन्सिल म्हणून हवा होतो. तीन वर्षांनी फोन केलास तो या कामासाठी, आणि मी मूर्ख, सुखावलो. ती सगळं ऐकत उभी राहिली. रडली नाही. ती माझीच मुलगी.

"खरें सांगितलें असतें तर केलें असतें काय गणित?" शेवटी तिनं विचारलं.

"नसतें केलें."

"दुसऱ्या कोणाकडे गेलें असतें, तर त्यानें तुमच्याइतकें नीट केलें असतें काय?"

"नाहीं."

"म्हणून," ती म्हणाली. "तुम्हीं दुसऱ्याच्या लेकीला हो म्हटलेंत, आप्पा. जोखीम पत्करण्याजोगी, असें लिहिलेंत. लेक बदलली म्हणून गणित बदलतें काय?"

मी खवचटपणा केला: "वळलीस अर्धा सेकंद लवकर." ती म्हणाली, "माहीत आहे." आणि खाली वाकून नमस्कार करून गेली. मी आशीर्वाद दिला, तोंडातल्या तोंडात. पण आत काही मऊ पडलं नाही. लोक म्हणतात वेळ गेला की माणूस विसरतो. मी रोज सकाळी कॉफीचं डिकॉक्शन उतरवताना ती पानं मनात पहिल्यापासून वाचायचो.

या पौषात तिचा पुन्हा फोन आला. यावेळी तिनं आडपडदा ठेवला नाही.

"आप्पा, आणखी एक उडी आहे. साडेसात किलोमीटरवरून. जाळें आधींच्यापेक्षां लहान. उडी मारणार मी. आतां पहिल्यापासून सांगतें आहें. कराल काय?"

मी करतो म्हणालो. का म्हणालो ते मला तेव्हाच माहीत होतं की नंतर कळलं, याची मला खात्री नाही.

चार दिवस मी सगळं सोडून तेच केलं. एकही दशांश सोडला नाही. इतक्या वर हवा विरळ असते, प्राणवायू लागतो, सुरुवातीला वेग बराच जास्त असतो, मग खालच्या दाट हवेत तो कमी होत होत पुन्हा त्याच चोपन्नवर येतो. वरचे वारे आडवे वाहतात, ते धरले. जाळं लहान, तर नेम अवघड, पण पडायला वेळ जास्त, म्हणजे नेम दुरुस्त करायलाही वेळ जास्त. ब्रेक, दोर, क्रेन. उत्तर आलं: उडी होते. पुन्हा केलं. होते. दुसऱ्या पद्धतीनं केलं, तरी होते. पहिल्या उडीइतकीच, कदाचित जरा जास्त सुरक्षित. परक्याची लेक असती तर मी त्याच संध्याकाळी सही करून पाठवलं असतं.

पाचव्या दिवशी बायको देवळात गेलेली असताना मी ब्रेकच्या घर्षणाचा आकडा बदलला. थोडासाच. पहाटेच्या वाळवंटात थंडीनं ब्रेकचं अस्तर कडक होतं आणि पकड घसरते, अशी एक सबब लिहिली, कागदावर शोभेल अशी. वहीत उत्तर आधी ठरवून आकडे मागून बसवणारी पोरं मी चौतीस वर्षं पकडली आणि प्रत्येकाला शून्य दिलं. ती कामं किती सोपी असतात हे मला त्या दिवशी कळलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. थांबण्याचं अंतर जाळ्याच्या उंचीपेक्षा जास्त निघालं. मी सुवाच्य अक्षरात लिहून काढलं आणि सही केली.

फोनवर तिला सांगितलं, "जाळें तुला थांबवणार नाहीं."

या उडीसाठी ती वर्षभर राबत होती, हे मला ठाऊक होतं.

"सरी, आप्पा," ती तमिळमध्ये म्हणाली, म्हणजे बरं. "मग नाहीं."

तिच्या इंजिनिअरांनी महिनाभर आपल्या यंत्रात चूक शोधली. सापडली नाही, कुठून सापडणार? एका संध्याकाळी तिनंच फोनवर ते सांगितलं, जरा अभिमानानं सांगितलं. ते म्हणत होते, तुझ्या वडिलांना पुन्हा एकदा पाहायला सांग. ती म्हणाली, कसाला? आप्पा रागावतात, टोचून बोलतात, पण आकड्यांत खोटें बोलत नाहींत. उडी रद्द झाली. आता ती पूर्वीसारखी नवशिक्यांना शिकवते, पाठीला पॅराशूट बांधून, आणि दर रविवारी मला थेट फोन करते. पुष्कळ वर्षांनी आमचं जमलंय, असं बायको सगळ्यांना सांगते.

बायकोलाही मी काही बोललो नाही. तिच्यावरचा माझा राग अजून आहे, मुलीवरचाही आहे, आणि तो धरायला मला आता तोंड नाही, म्हणून तो जास्तच जळतो. कुणाला तरी सांगायला हवं होतं, तर हे लिहिलं, आणि नागरी अक्षरांत लिहिलं. आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, पण लिहायची वेळ आली की माझी बायको आणि माझी मुलगी तमिळ अक्षरांत लिहितात. नागरी वाचणारा घरात मी एकटाच आहे.